सहलमंत्री बाबा

प्रत्येक सोसायटीत एक तरी सहलमंत्री बाबा असतातच. रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तेव्हा सगळ्यांत जास्त हळहळले ते हेच. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मेमधल्या मालवणचा त्यांचा एक्सेल तक्ता मार्चमध्येच तयार असतो: ५:४५ उठणे, ६:३० देवबागला डॉल्फिन, ९:०० सिंधुदुर्ग किल्ला, १:०० सुरमई थाळी, १:४५ ते २:१५ धमाल. हो, धमालीलाही अर्धा तास राखून ठेवलेला असतो, आणि कोणी जास्त हसत बसलं तर पुढच्या कार्यक्रमाची आठवण करून दिली जाते. एवढ्या तयारीनंतरही पंधरा वर्षांची कन्या होडीत तोंड पाडून बसते आणि सतरा वर्षांचे चिरंजीव किल्ल्याच्या तटावर रेंज शोधत फिरतात. मग बाबांचा ठरलेला निष्कर्ष येतो: हल्लीच्या मुलांना कशाचं कौतुकच नाही.

निष्कर्ष सोयीचा आहे, पण पुराव्याला टिकत नाही. हेच चिरंजीव मित्रांबरोबर कळसूबाईला निघाले की शेवटची कसारा लोकल पकडतात, रात्रभर जागतात, अंधारात १६४६ मीटरचं शिखर चढतात आणि थंडीत कुडकुडत सूर्योदयाची वाट बघतात. जीप कोण ठरवणार, टॉर्च कोणाकडे, पोह्यांचे पैसे कोणी दिले, याचा हिशेब ग्रुपवर पैशापैशाने चुकता होतो. म्हणजे कौतुक आहे, शिस्त आहे, पहाटे उठण्याची तयारीसुद्धा आहे. फरक एवढाच की ती सहल त्यांनी ठरवलेली असते आणि मालवणची त्यांना कळवलेली असते. बाबांच्या तक्त्यात स्थळ, वेळ, अंतर, खर्च असे सगळे रकाने असतात. ‘कोणाला हवंय’ हा रकाना तेवढा राहून जातो. बारा वर्षं पूर्ण झाली की रेल्वे मुलाचं पूर्ण भाडं घेते. घरात त्याचं मत मात्र अर्ध्या तिकिटातही बसत नाही.

यावर बाबांचे दोन आक्षेप तयारच असतात. पहिला: पोरांवर सोडलं तर ती दुपारपर्यंत लोळतील. लोळतील, हे खरं. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, रात्री झोप लवकर येत नाही, आणि झोप तर आठ ते दहा तास लागते. रोज क्लास आणि कॉलेज गाठताना ती पुरी होत नाही; सुट्टीत तरी होऊ द्यावी. डॉल्फिन एक दिवस बघावेत, रोज नव्हे. दुसरा आक्षेप: पैसे आमचे, मग निवड त्यांची का? तर निवडीबरोबर हिशेबही त्यांच्याच हाती द्यावा. एका दिवसाची ठरावीक रक्कम द्यावी आणि स्कूबा करायचं, त्सुनामी आयलंडला जायचं की खोलीवर पत्ते कुटायचे, हे त्यांना ठरवू द्यावं. स्कूबाचे दर कळले की घासाघीस आपोआप शिकतात, आणि बेत फसलाच तर खापर फोडायला बाबा सापडत नाहीत.

बाबांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. तिकिटं, खोल्या आणि उलटीच्या गोळ्या त्यांच्याशिवाय कोणाच्याही लक्षात राहणार नाहीत. तेवढं खातं त्यांच्याकडेच ठेवावं. पण चार दिवसांतला एक दिवस पोरांच्या ताब्यात द्यावा आणि त्या दिवशी बाबांनी मुकाट्याने मागून चालावं. जमत नसेल, तर कंपनीच्या टूरबरोबर जावं. तिथे निदान वेळापत्रकावरून भांडायला गाईड तरी मिळतो.