गाळलं की झालं!

अहो, ऐकलंत का? अमेरिकेत आणि विलायतेत म्हणे लोक घरच्या घरी इंजेक्शनं करतात! टोचून घेतात नव्हे, त्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. करतात! पावडर आणायची, तेल आणायचं, ओट्यावर मांडामांड करायची आणि बाटलीत भरून, वर झकपक लेबल चिकटवून मोकळं व्हायचं. लोणचं घरचं, मसाला घरचा, अगदी वाइनही घरची, इथवर आम्ही चकार शब्द काढला नाही. पण स्नायू फुगवायचं स्टेरॉइड, ते टेस्टोस्टेरॉनही घरचं? आणि तेही दंडात, मांडीत, नाही तर पँटचा मागचा खिसा असतो तिथे खुपसायचं? राम राम राम!

बरं, ही माणसं गबाळी, बेफिकीर म्हणावीत तर तसंही नाही. भारी चोखंदळ! अंड्यातला बलक बाजूला काढणार, चिकनचे तुकडे काट्यावर तोलणार, भाजीवर तेलाचा तवंग दिसला की ताट परत पाठवणार. आणि हेच सद्गृहस्थ कुणी बनवली, कुठे बनवली याचा पत्ता नसलेली, टपालाने आलेली पावडर तेलात कालवून थेट स्नायूत सोडणार. तोंडावाटे गेली असती तर जठरातलं आम्ल, आतडं, यकृत यांनी वाटेत जंतूंची थोडीफार झडती तरी घेतली असती. सुई या सगळ्यांना वळसा घालून जाते.

आम्ही ऐकीव वावड्या उठवतोय असं समजू नका हं. २००७ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या डीईए या अमली पदार्थविरोधी खात्याने ‘ऑपरेशन रॉ डील’चा गाजावाजा केला. १२४ जणांना अटक आणि स्टेरॉइड बनवणाऱ्या ५६ प्रयोगशाळा जप्त! प्रयोगशाळा म्हटल्यावर पांढरे कोट आणि चकचकीत फरशी डोळ्यांसमोर आणाल, तर फसाल. धंदा बराचसा घरगुती, कच्ची पावडर चीनमधून. पुढे २०१५ मध्ये ‘ऑपरेशन सायबर ज्यूस’ झालं, त्यात आणखी १६ प्रयोगशाळा आणि ६३६ किलो पावडर सापडली. सहाशे छत्तीस किलो! एवढी कुणाच्या दंडात मावायची होती, देव जाणे.

पण खरी चटकदार गोष्ट गुरांची आहे. जरा कान इकडे करा. अमेरिकेत मांसासाठी पोसलेल्या गुरांच्या कानाच्या मागे, कातडीखाली ‘फिनाप्लिक्स’ नावाच्या बारीक गोळ्या बसवतात, वजन वाढावं म्हणून. आत असतं ट्रेनबोलोन नावाचं स्टेरॉइड. १९९० च्या कायद्याने तिथे ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स नियंत्रित पदार्थांच्या यादीत गेली, पण गुरांच्या या गोळ्या वगळल्या. शेतकऱ्याची अडचण नको ना व्हायला! जिमवाल्यांनी ही फट बरोब्बर हेरली. गोळ्या पशुपालकांच्या दुकानातून आणायच्या आणि त्यांचं इंजेक्शन करायचं तयार किट वेगळं मागवायचं. माणसाला दिलं की गुन्हा, पण विचारतो कोण? दारात गाय नाही, गोठ्यात वासरू नाही, असा इसम गोळ्यांची खोकी घेऊन चाललाय आणि कुणी म्हणत नाही, ‘भाऊ, गुरं कुठायत?’ त्यात आणखी गंमत ऐका. गुरांच्या काही गोळ्यांत स्टेरॉइडच्या जोडीला इस्ट्रोजेनही असतं. घाईत तसलं खोकं हाती लागलं, तर छाती रुंद व्हायची ती भलतीकडूनच भरायची. आम्ही काही बोलणार नाही.

तेलाचंही ऐकून ठेवा. औषध कंपन्या टेस्टोस्टेरॉन एनान्थेटसाठी तिळाचं तेल वापरतात, सिपिओनेटसाठी सरकीचं, अनडेकानोएटसाठी एरंडेल. आजीच्या फडताळातलीच नावं! म्हणून घरगुती कारागिराला जोर चढतो, ‘त्यांचंही तेल, आमचंही तेल, फरक काय?’ अहो, कारखान्यातल्या त्या एरंडेलालाही सरकार मोकळं सोडत नाही. ‘अव्हीड’ नावाचं हे एरंडेलातलं इंजेक्शन अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं ते या अटीवर की टोचल्यानंतर रुग्णाने अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. तेलाचे सूक्ष्म थेंब रक्तातून फुफ्फुसात पोचले तर खोकल्याची उबळ येते, धाप लागते, म्हणून ही काळजी. जिममध्ये मात्र ट्रेनबोलोन टोचल्यावर येणाऱ्या खोकल्याला ‘ट्रेन कफ’ असं लाडाचं नाव आहे आणि माल अस्सल असल्याची खूण म्हणून तो कौतुकाने सांगितला जातो. खोकून खोकून डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर मात्र समाधान!

हा चाळा आजचा म्हणाल, तर तेही नाही. याचे मूळ पुरुष भलतेच प्रतिष्ठित निघाले. पॅरिसचे नामांकित शरीरशास्त्रज्ञ, प्राध्यापक ब्राउन-सेकार. १८८९ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी विद्वानांच्या सभेत उभं राहून सांगितलं की कुत्र्यांच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि आपली ताकद परत आली. पुरावा काय, तर हाताचा जोर यंत्रावर मोजला आणि लघवीची धार किती लांब जाते तेही मोजलं. आणि हे सांगितलं भर सभेत! आणि हो, अर्क गाळून घेतला होता, बरं का. तरी टोचल्यावर ठणका लागायचाच. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्याच कृतीने अर्क काढून तपासला, तर त्यात परिणाम व्हावा इतका हार्मोन नव्हताच. म्हणजे प्राध्यापक महाशयांची धार वाढली ती नुसत्या विश्वासाने.

आता त्या गाळण्याकडेच येऊ, कारण या साऱ्या उद्योगाची मदार एका नाण्याएवढ्या पांढऱ्या चकतीवर आहे. तिला ०.२२ मायक्रॉनची छिद्रं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे छिद्रं त्याच्या तीनशेव्या हिश्शाची. ‘फिल्टर केलंयस ना?’ ‘केलंय.’ ‘मग झालं तर!’ संपला शास्त्रार्थ. पावडर गोदामात कशी पडली होती, बाटली कशी धुतली, तेल कधी उघडलं, हात कुठे लागले, मधेच मांजर ओट्यावर चढलं का, याचा जाब कुणी विचारायचा नाही. चकती सगळं धुऊन काढते, अशी श्रद्धा!

या श्रद्धेचाही इतिहास मोठा मजेशीर आहे. १८८४ मध्ये पाश्चरचे सहकारी चेंबरलँड यांनी चिनी मातीचा फिल्टर केला आणि जंतूंचा प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कींनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्यातून गाळला, तर रोग पलीकडे हजर. ते विषाणू होते. पुढे कितीतरी वर्षं ०.४५ मायक्रॉनची चकती जंतुमुक्तीला पुरेशी मानली जायची. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या एफडीएतल्या फ्रान्सिस बोमन यांच्या लक्षात आलं की एक इवलासा जिवाणू त्यातूनही आरपार जातो. तेव्हा कुठे ०.२२ ची प्रथा पडली. आज त्याच जिवाणूची फौज चकतीवर सोडून कारखाने तिची परीक्षा घेतात, दर चौरस सेंटिमीटरला निदान एक कोटी. आणि औषध गाळून झाल्यावर चकती फाटली नव्हती ना, याची पुन्हा चाचणी. घरी काय होतं? दाट तेल पुढे सरकत नाही, म्हणून पठ्ठ्या सगळं बळ पणाला लावून दट्ट्या दाबतो. बळ तर कमावलेलंच! पडदा आत कुठे उसवला तरी कळायला मार्ग नाही, कारण तेल पलीकडे तितकंच नितळ दिसतं. काही चकत्या तर नुसत्या प्रयोगशाळेतले नमुने गाळायच्या असतात, मुळात निर्जंतुकच नसतात. काही अशा की तेलात मिसळलेल्या द्रावकाने त्यांचाच पडदा बिघडतो.

पण समजा, चकती अस्सल, पडदा धडधाकट, हात स्वच्छ. तरीही खरी मेख पुढेच आहे. चहाच्या गाळणीत पत्ती अडकते, साखर अडकते का कधी? जिवाणू मेले तरी त्यांच्या भिंतीतलं विष, एंडोटॉक्सिन, मागे उरतं आणि ते ०.२२ च्या छिद्रातून खुशाल निघून जातं. अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२३ मध्येच दाखवून दिलं की इंजेक्शननंतर येणाऱ्या गूढ तापाचं मूळ ऊर्ध्वपातित पाण्यातल्या जिवाणूंच्या अशा अवशेषांत होतं. नुसत्या उकळीला ते दाद देत नाही. काचेच्या बाटल्यांवरून त्याला घालवायला कारखान्यात अडीचशे अंशांची कोरडी आच लागते. ते औषधात आहे का हे बघायला हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तातून काढलेला अर्क वापरतात. आता सांगा, आमच्या ओट्यावरच्या शास्त्रज्ञाकडे निळं रक्त कुठून यायचं?

आणि पाकिटावरचं खोटं तर कुठलाच फिल्टर गाळत नाही. काळ्या बाजारातल्या स्टेरॉइड्सवरच्या अभ्यासांचा २०२२ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. सरासरी ३६ टक्के माल नकली आणि ३७ टक्के निकृष्ट! टेस्टोस्टेरॉन म्हणून जे एवढ्या भक्तिभावाने गाळलं, ते टेस्टोस्टेरॉन होतं की नाही इथपासूनच बोंब.

तुम्ही म्हणाल, कारखान्यांची एवढी तरफदारी कशाला? नाही हो, त्यांचीही लफडी आहेत आमच्याकडे. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या एका परवानाधारक औषधनिर्मिती केंद्राने पाठदुखीसाठी मणक्यात द्यायचं स्टेरॉइड देशभर पाठवलं. त्यात बुरशी होती. २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले, ६४ जण गेले. तपासणीत ३२१ बाटल्यांपैकी ८३ बाटल्यांत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा हिरवट-काळा पदार्थ तरंगत होता. निर्जंतुकतेच्या चाचणीत नमुना चौदा दिवस ठेवून काही उगवतंय का ते बघतात. निकाल हाती यायच्या आतच माल गाडीत चढत होता, असा सरकारी तपासाचा ठपका. परवाना असलेल्यांना, स्वच्छ खोली असलेल्यांना, पगारी तपासनीस असलेल्यांना चौदा दिवस धीर धरवला नाही. मग ज्याला सोमवारी ‘सायकल’, म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स, सुरू करायचा आहे आणि जूनमध्ये समुद्रावर शर्ट काढायचा आहे, तो रविवारी रात्री भरलेली बाटली दोन आठवडे बघत बसेल होय?

त्यामुळे होतं काय, की चाचणी बाटलीची होत नाही, माणसाचीच होते. टोचलेली जागा ठणकली की ‘पिप’ म्हणायचं. हुडहुडी भरून ताप आला की ‘टेस्ट फ्लू’ म्हणायचं. सुजेवर बर्फ लावायचा, दोन गोळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्या बाजूला टोचायचं. बेंझिल अल्कोहोल घातलंय, जंतू राहतीलच कसे, ही आणखी एक समजूत. ते जंतूंची वाढ रोखायला असतं, घाणेरडं तेल स्वच्छ करायला नव्हे.

आपल्याकडे असलं काही नाही, म्हणून सोडलेला तो सुस्कारा जरा आवरा. आपल्याकडे ओट्यावरची भानगड कमी असेल, पण सुईचा शौक आहेच. भुलीखाली रक्तदाब घसरला तर द्यायचं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन व्यायामाआधी ‘पंप’ यावा म्हणून टोचणारी पोरं आणि ते चिठ्ठीशिवाय विकणारे महाभाग पुण्या-मुंबईत पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. ते औषध कारखान्यातलं, निर्जंतुक, अगदी मान्य. पण एक बाटली चौघांत फिरली आणि सुई दोघांत, की निर्जंतुकपणा पहिल्याच दंडापाशी संपला. वर हृदयावर ताण पडतो तो वेगळाच.

आता शेवटचं, आणि हे मात्र कुणालाही सांगा. टोचलेली जागा लाल, गरम, टणक झाली, ठणका दिवसागणिक वाढायला लागला, थंडी वाजून ताप भरला, तर मित्राचा सल्ला घेत बसू नका, डॉक्टरकडे जा. ते गळू स्वतः सुईने ओढायला जाऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारलं तर ‘डास चावला’ म्हणू नका. अशा गळवांमागे कधी कधी क्षयाच्या जंतूंचे चुलत भाऊ असतात. ते नेहमीच्या प्रतिजैविकांना जुमानत नाहीत आणि साध्या तपासणीत सहजी हाती लागत नाहीत. घरचं तेल टोचलं होतं, हे एक वाक्य कळलं तर डॉक्टर ते मुद्दाम शोधतात. नाही कळलं तर आठवडेच्या आठवडे चुकीच्या गोळ्या आणि मग शस्त्रक्रियेचं टेबल. एवढं धिप्पाड शरीर कमावलंत, तर दवाखान्यात बसून एक खरं वाक्य बोलण्याएवढी छाती असायला काय हरकत आहे?