पुस्तक-कलावंत व्हा : दौलताबादी पद्धत

हाताने पुस्तक घडवणाऱ्याला हल्ली बुक आर्टिस्ट म्हणतात. त्यासाठी झब्बा, जाड काड्यांचा चष्मा आणि ‘माझ्यावरील प्रभाव’ या विषयावर न थांबता बोलण्याची तयारी लागते. झब्बा-चष्मा संभाजीनगरात मिळेल. प्रभावांसाठी दौलताबादला या.

साहित्य : बोरू, शाई, कातर, दोरा, खळ, चिकाटी. (शेवटचा जिन्नस घरूनच आणावा.)

१. प्रेरणा घ्या. किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारात ती शोधू नका. तिथे वटवाघळे आहेत. त्यापेक्षा हेमाडपंत आठवा. देवगिरीच्या, म्हणजे याच दौलताबादच्या, यादवांचा कारभार सांभाळून त्यांनी ‘चतुर्वर्गचिंतामणी’सारखा अवाढव्य ग्रंथ रचला. ‘नोकरीमुळे वेळच मिळत नाही’ हे वाक्य गडाखालीच ठेवून या.

२. कागद करा. खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इकडे हलवली, तेव्हापासून इथे कागद होतो असे सांगतात. चिंध्या भिजवा, कुटा, लगदा हौदात कालवा, साच्यावर ताव उचला, वाळवा, खळ द्या, घोटा. पहिला ताव एकीकडे जाड आणि दुसरीकडे आरपार दिसणारा निघेल. खचू नका, प्रदर्शनात त्याला ‘प्रयोगशील’ म्हणतात. कागद करणारा कागदी मात्र तो मुकाट्याने परत हौदात टाकेल.

३. लिहा. यासाठी रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास खर्ची घातला आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी स्वतःलाच वाचता येत नाही. चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. नवशिके आधी कडांवर वेलबुट्टी काढतात आणि मजकुराचे मग बघू म्हणतात.

४. तपासा. एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिकले. हिशेबातली एका पैची चूक सापडावी म्हणून ते रात्रभर जागले, अशी कथा आहे. पुढे १५८४ मध्ये त्यांनी पाठभेदांनी गढूळ झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत कुणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. स्वतः उत्तम ओव्या रचणारा माणूस हे सांगतो, तेव्हा आपणही हात आवरावा. ही पायरी सर्वांत अवघड आहे. म्हणूनच बहुतेक कलावंत तिसरीवरून थेट पाचवीवर उडी मारतात.

५. सही करा. शेवटच्या पानावर कागद कुणी उचलला, कुणी घोटला, मजकूर कुणी तपासला, बांधणी कुणी केली, ते लिहा. तुमच्यावरचे खरे प्रभाव हेच. खाली जागा उरली, तर आपले नाव घाला. नाही उरली, तरी समासात घुसवू नका. तो मोकळा सोडायचा, असे ठरले आहे.