तार काढा, प्रगती करा

तारेचा सगळ्यात मोठा दोष असा की ती चालते. १९८३ साली आलेले आरएस-४८५ घ्या. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, हजार-बाराशे मीटरपर्यंत आकडे पोचवणाऱ्या. मोटारींचा विद्युत गोंगाट दोन्हींवर जवळपास सारखाच बसतो आणि फक्त फरक वाचणारा रिसीव्हर तो सरळ वजा करून टाकतो. एकदा ओढली की वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. अशाने इंजिनिअरांनी खायचे काय?

बरे, तुटलीच तर? मल्टीमीटर कंटिन्यूइटीवर ठेवायचा, दोन टोकांना प्रोब लावायचे. बीप वाजला तर तार शाबूत, नाही वाजला तर तुटलेली. यात मीटिंगला वाव कुठे आहे?

बिनतारी जोडणीने ही उणीव भरून काढली. भट्टीचे तापमान पॅनेलवर दिसेनासे झाले की कारणांची नुसती रेलचेल. वरच्या मजल्यावर नवा राउटर बसला. कॅन्टीनमध्ये मायक्रोवेव्ह लागला. त्याचा आणि वायफाय-ब्लूटूथचा पट्टा एकच, २.४ गिगाहर्ट्झचा. किंवा कोणीतरी पॅनेलचे दार लावून घेतले. पॅनेल लोखंडी पत्र्याचे, त्यामुळे दार उघडे ठेवले की सिग्नल येतो आणि लावले की जातो. म्हणून अँटेना पॅनेलबाहेर आणला. कशाने? तारेने. पण ती कोअॅक्सियल, महाग, आणि अंदाजपत्रकात ‘वायरलेस’ या सदराखाली असते, तेव्हा तिला तार म्हणणे असभ्यपणाचे.

सेन्सरला वीज मात्र अजून हवेतून मिळत नाही. म्हणून शेजारी अडॅप्टर, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला आणखी एक. ज्यांना हेही खुपते ते नाण्याएवढा सेल लावतात. सीआर२०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास. ईएसपी८२६६ ही चिप वायफायवर बोलायला लागली की दीडशेच्या वर मिलिअँपिअर ओढते. कागदावर तासभर तरी निघतो, प्रत्यक्षात बिचारा सेल पहिल्याच शब्दाला मान टाकतो. मग मोठी बॅटरी आणतात आणि चिपला झोपवतात. ती दर पंधरा मिनिटांनी उठते, आकडा सांगते, पुन्हा झोपते. मधल्या वेळात भट्टीने काय करावे हा भट्टीचा खासगी प्रश्न.

आकडे चोरणाऱ्याचीही आबाळ थांबली. पूर्वी त्याला पॅनेल उघडून स्क्रू ढिले करावे लागत. आता आवाराबाहेर गाडीत बसून जमते, आणि एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलचा पिन कोणी बदलला नसेल तर तो १२३४ असतो. पाठांतराचाही त्रास नाही.

ब्लूटूथचा जन्मच मुळी आरएस-२३२ ची सिरियल केबल हटवण्यासाठी झाला. १९९४ साली एरिक्सनमध्ये काम सुरू झाले ते त्याच हेतूने. तेव्हा पेअरिंग बिघडले तर घाबरू नये. मॉड्यूलवरचे बटण दाबून धरून वीज द्यावी, एटी मोड येतो. मग ३८४०० बॉडवर आज्ञा द्याव्यात. त्यासाठी लागणारी सिरियल केबल स्टोअरमध्ये, सही केल्यावर मिळते.