पावणेदोन थाऊ

अंधेरी-घाटकोपर लिंक रोडला, मेट्रोच्या खांबांआडच्या गाळ्यांत, लोखंडाचं काम करणाऱ्या माणसांच्या दोन जाती आहेत. एक म्हणते, ‘बसेल.’ दुसरी म्हणते, ‘मोजून बघू.’ पहिल्या जातीवर मुंबई चालते, हे मान्य करायला हवं. दुसऱ्या जातीची माणसं साकीनाका ते असल्फा या पट्ट्यात शोधावी लागतात, आणि सापडली की पस्तावायची वेळ येते, कारण त्यांच्या ताब्यात दिलेली गाडी परत कधी मिळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. या मंडळींना पोरं तोंडावर काका म्हणतात आणि पाठीमागे थाऊकाका.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिलिमीटर. डोक्याचा केस साधारण तीन थाऊ भरतो. काकांच्या डोक्यावर आता मोजण्याइतकेच केस उरलेत, आणि ते मोजून झालेत याबद्दल पोरांना शंका नाही.

काकांची घडण ठरलेली असते. मुलुंडच्या आयटीआयमध्ये फिटर, मग कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये उमेदवारी, आणि तिथलं सगळं आटोपल्यावर भाड्याचा गाळा. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन ते डोळे मिटून बांधू शकले असते, पण डोळे मिटून इंजिन बांधणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली तेव्हा सगळ्या मुंबईनं हळहळून घेतलं, टॅक्सीला टेकून फोटो काढले. काका एवढंच म्हणाले, “चार सिलिंडर आणि मेन बेअरिंग तीन. मधल्यानं फार सोसलं.”

त्याच्या खालोखाल सोसलं ते काकूंनी. मुलाच्या साखरपुड्यात मुलीकडच्यांनी अंगठी घातली, फोटोवाला ‘इकडे बघा’ म्हणाला, आणि काकांनी मुलाचं बोट धरून अंगठी दोनदा मागेपुढे केली. व्याह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “ढिली आहे. आता मे महिना आहे म्हणून राहील, जानेवारीत पडेल.” व्याह्यांना वाटलं, ही सोन्याची मागणी आहे. पुढचा अर्धा तास दोन्हीकडच्या मामांनी मध्यस्थी केली. अंगठी जानेवारीत पडली, ती गोष्ट वेगळी.

काकांचा मायक्रोमीटर मलमलीत गुंडाळून गोदरेजच्या कपाटात, काकूंच्या पाटल्यांच्या वरच्या कप्प्यात असतो आणि रोज डब्याबरोबर गाळ्यावर येतो-जातो. डबा विसरल्याचे प्रसंग आहेत. मोठं माप घ्यायचं असेल तर आदल्या रात्री मायक्रोमीटर गाळ्यातच, क्रँकशेजारी मुक्कामाला राहतो, आणि त्या रात्री काकांचा डोळ्याला डोळा लागत नाही असं काकू सांगतात. त्यामागे शास्त्र आहे. पन्नास मिलिमीटरचा पोलादी जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, दहा अंशांनी तापला की जवळजवळ सहा मायक्रॉन फुगतो, म्हणजे पाव थाऊ गेला. मापांसाठी जगानं 20 अंश सेल्सिअस हे तापमान ठरवून घेतलंय. मुंबईत तेवढा गारवा थंडीतल्या पहाटेच मिळतो, आणि इंजिनं तर बारा महिने बिघडतात. काकांची तोड अशी की क्रँकही पोलाद, मायक्रोमीटरही पोलाद. दोघं सारखेच तापलेले असले की भांडण नाही. हात लावून मधेच एकाला तापवायचं नाही, एवढंच. म्हणून माप घेताना पंखा बंद, बोलणं बंद, आणि डोक्यावरून मेट्रो जाईपर्यंत डायल गेजकडे बघणंही बंद. मेट्रो जाताना काटा थरथरतो असं त्यांचं म्हणणं आहे. बाकी कोणाला तो थरथरताना दिसलेला नाही.

तर अशा या गाळ्यावर घाटकोपर पूर्वेचा एक तरुण आपली जुनी होंडा सिटी घेऊन येतो. तीच ती व्हीटेक, 106 घोड्यांची, जिच्यापायी उपनगरातल्या एका अख्ख्या पिढीनं बापाचं पेट्रोल जाळलं. आता बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, वाजतोय. तेलाचा दिवा लुकलुकताच पोरानं इंजिन बंद केलं, म्हणून क्रँक वाचलाय. त्याला ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाडी पळवायची आहे, वरचे आरपीएम हवे आहेत. तो ऐटीत सांगतो, “काका, इंजिन एकदम टाइट बांधा.”

इथे काका हातातला पाना खाली ठेवतात. गाळ्यावरचा पोऱ्या बारक्या न सांगता दोन कटिंग आणायला जातो, कारण आता खुंटीची गोष्ट होणार हे त्याला ठाऊक असतं.

“इंग्लंडात 1883 साली टॉवर नावाचा एक साहेब होता,” काका सुरू करतात. “रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होता. बेअरिंगला वरून तेल सोडायला भोक पाडलं, तर तेल आत जायच्याऐवजी उलटं वर यायला लागलं. साहेबानं भोकात खुंटी मारली. आस फिरला, खुंटी बाहेर. पुन्हा मारली, पुन्हा बाहेर. आता सांग, खुंटी कोणी ढकलली?”

पोरगा घड्याळ बघतो.

“तेलानं! फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढतो, निमुळत्या फटीत कोंबतो, आणि मग ते तेलच सगळा भार अंगावर घेतं. धातूला धातू लागतच नाही. तुझा क्रँक बेअरिंगवर बसत नाही, बाळा, तेलावर तरंगतो. फटच नाही ठेवली तर तेल राहील कुठे?”

पुढे 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं या तरंगण्याचं गणित मांडलं. काकांना रेनॉल्ड्स माहीत नाही. खुंटी मात्र अशी सांगतात की साहेबाच्या हातात हातोडा यांनीच दिला असावा.

पोरगा मोबाइल काढतो. अमेरिकेतला कोणी दाढीवाला व्हिडिओत सांगतोय, रेससाठी फट अडीच थाऊ ठेवा. काका शांतपणे विचारतात, “त्याचा जर्नल किती इंची?” पोराला माहीत नाही. काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते पैसे घेतानाही कधी दिसत नाही. जुना हिशेब असा: जर्नलच्या इंचाला एक थाऊ, आणि जोरात पळवायची असेल तर वर अर्धा, देवाच्या नावानं. दाढीवाल्याची इंजिनं दोन इंची जर्नलची, त्याला अडीच शोभतात. या पोराचा जर्नल 45 मिलिमीटर, पावणेदोन इंचाला किंचित जास्त. हिशेबानं सव्वादोन येतात. कंपनी मात्र असल्या छोट्या इंजिनांना पाऊण ते दीडवरच ठेवते.

“मग सव्वादोन ठेवू या ना!”

“आणि तेलाचा पंप तुझे पप्पा फिरवणार?”

फटीतून कडेनं गळणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट. पावणेदोनच्या जागी सव्वादोन केले, म्हणजे नुसता अर्धा थाऊ वाढवला, तरी गळती दुपटीच्या वर जाते, आणि तेवढं तेल पुरवायला पंप तोच, कंपनीचा. प्रेशर पडतं, मग पुन्हा तेलाचा दिवा, पुन्हा ढोकढोक. आणि अगदी कमी ठेवले तर वरच्या आरपीएमला क्रँक वाकतो, तेल तापून पातळ होतं, आणि बेअरिंग क्रँकला चिकटून फिरतं. बेअरिंग फिरलं की कनेक्टिंग रॉड ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर डोकावतो. अशी खिडकी पडलेला एक ब्लॉक काकांनी गाळ्याच्या दारातच ठेवलाय. घाईतल्या गिऱ्हाइकाला ते त्याच्यावर बसायला सांगतात.

पावणेदोन ठरतात.

आता शेल, म्हणजे बेअरिंगचे दोन अर्धे, आणायचे. होंडाच्या शेलांना कडेला रंगाचा ठिपका असतो, आणि रंगारंगांत जाडीचा फरक दोनचार मायक्रॉनचा. ब्लाउजपीस घेऊन मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर ताटकळणाऱ्या बाईसारखे काका स्पेअर पार्टवाल्याकडे उभे राहतात. हा हिरवा नको, तो पिवळा दाखवा, नाही, वरचा अर्धा पिवळा आणि खालचा अर्धा गुलाबी द्या. यातली शेवटची मागणी चेष्टा वाटेल, पण ती खरी आहे. दोन रंगांचे अर्धे एकत्र लावून मधलं माप काढता येतं. दुकानदार अर्धा सेट विकत नाही, म्हणून काका दोन्ही सेट घेतात आणि उरलेले अर्धे घरी नेतात. काकूंच्या बरण्यांत मेथ्या, मोहरी आणि बिगएंड एकाच फळीवर नांदतात.

(क्रँक घासावा लागला असता तर प्रकरण आणखी लांबलं असतं. काकांचा दंडक असा की आधी शेल रॉडमध्ये बसवून, बोल्ट आवळून आतलं माप घ्यायचं, मग त्याला जुळवून क्रँक घासायचा. शिवाय जर्नलच्या कोपऱ्याची गोलाई तशीच राहायला हवी, कारण क्रँक तुटतो तो तिथूनच. साकीनाक्याचा ग्राइंडिंगवाला त्यांना लांबून येताना बघून शटर अर्धं ओढतो.)

मग परीक्षेचा दिवस. बोअर गेजनं माप निघालेलं आहे, तेही दोन अर्ध्यांच्या जोडाच्या काटकोनात, कारण शेल जोडापाशी मुद्दाम पातळ ठेवलेला असतो आणि तिथे मोजणारा फसतो. तरी काकांना दुसरा साक्षीदार लागतो. तो म्हणजे प्लास्टिगेज, मेणासारखा हिरवा दोरा. जर्नल पुसून कोरडा करायचा, दोऱ्याचा तुकडा आडवा ठेवायचा, कॅप लावून टॉर्क पान्यानं पुस्तकातल्या आकड्याला आवळायची. मग उघडायची आणि चेपलेला दोरा किती रुंद झाला ते कागदी पट्टीवर बघायचं. जितका रुंद तितकी फट कमी. मधे क्रँक एक केसभरही फिरवायचा नाही.

काका पाना बाजूला ठेवायला वळतात आणि पोरगा, नुसतं बघायला म्हणून, क्रँक फिरवतो.

गाळ्यात कोणी श्वास घेत नाही. कॅप उघडल्यावर हिरवा लेप जर्नलभर पसरलेला. काका ओरडत नाहीत. ते हात धुतात, डबा उघडतात, सकाळी साडेअकरालाच पोळीभाजी खातात, पाणी पितात, आणि पोराला म्हणतात, “तू आता फुटपाथवर उभा राहा. तिथून फिरव काय ते.”

दुसऱ्या खेपेला पट्टी ठीक बोलते. चारही रॉड पावणेदोन, एक कणभर सैल. त्या कणापायी इंजिन आणखी चार दिवस टेबलावर राहतं. ‘परवा नक्की’ म्हणून दिलेल्या शब्दाला काका किती फट ठेवतात, हे मोजणारा गेज अजून बाजारात आलेला नाही.

बिल घ्यायला पोराबरोबर त्याचे पप्पा येतात. घाटकोपरातले जुने जागांचे दलाल. चष्मा वर करून ओळ न् ओळ वाचतात. शेल इतके, गॅस्केट इतकी, तेल इतकं. सगळ्यात मोठा आकडा शेवटी: क्लिअरन्स सेट केले.

“भाऊ, ह्यात काय सामान घातलंत?”

“सामान काही नाही. मोकळी जागा ठेवली.”

आता वाजणार म्हणून बारक्या मागच्या दारानं सटकायच्या बेतात असतो. पण पप्पा खिशातून नोटा काढून मोजायला लागतात. मोकळ्या जागेचे पैसे सामानापेक्षा जास्त पडतात यात त्यांना वावगं काहीच दिसत नाही. फक्त शेवटची नोट हातात तशीच धरून ते विचारतात, “कार्पेट की बिल्टअप?”

“कार्पेट,” काका म्हणतात. “बोल्ट आवळून मोजलंय.”