कलम १४.३ यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. कलम १४.३,
मुक्काम पान २३, खालून दुसरा परिच्छेद,
मोटारगाडी सबस्क्रिप्शन करारनामा.

स. न. वि. वि.

पत्र कंपनीच्या साहेबांना लिहावं की आपल्याला, यावर बराच विचार केला. साहेब सारखे बदलतात. ग्राहकसेवेतली 'रिया' माणूस नसावी असा माझा दाट संशय आहे, कारण ती कधीच चिडत नाही. कंपनीत कायम नोकरीला असलेले एकटे आपण. शिवाय जे काही झालं ते 'कलम १४.३ नुसार' झालं, असं रिया प्रत्येक उत्तरात कळवते. तेव्हा मूळ पुरुषालाच लिहिलेलं बरं.

आपली ओळख जुनी आहे. सही करण्याआधी मी आपल्याला वाचलं होतं आणि गाडी दाखवायला आलेल्या पोराला विचारलंही होतं. "सर, ते स्टँडर्ड असतं. सगळ्यांत असतं," तो म्हणाला. पोर खोटं बोललं नाही. जिमच्या फॉर्मात आपण, क्रेडिट कार्डाच्या पुस्तिकेत आपण, सिनेमे दाखवणाऱ्या अ‍ॅपात आपण. सर्वांभूती आपलाच वास. 'कंपनी आपल्या मर्जीने, कोणत्याही वेळी, या करारातील कोणतीही अट बदलू शकेल आणि ग्राहकाने सेवा वापरत राहणे ही त्याची संमती समजली जाईल.' इतकं स्वयंपूर्ण वाक्य हाताशी असताना बाकीची पानं कशाला छापली, हे मला कळलेलं नाही. आपण एकटे पुरेसे होतात.

आता आपण काय केलंत ते आपल्यालाच सांगतो, कारण आपल्याला स्वतःचे पराक्रम माहीत असतीलच असं नाही. करार २४ महिन्यांचा. महिना २४,५०० रुपये, त्यात विमा, सर्व्हिसिंग, रस्त्यात बंद पडली तर मदत, आणि महिन्याला १,५०० किलोमीटर. अनामत वेगळी. मुदत निम्मी उलटल्यावर एक मेल आला: 'तुमचा प्रवास आता अधिक आनंदाचा!' आनंदाचा तपशील असा: महिना २६,९०० रुपये, किलोमीटर १,०००, त्यावर प्रत्येक किलोमीटरला १२ रुपये. गाडी मुदतीआधी परत केली तर पूर्वी दोन महिन्यांचं भाडं कापणार होतात, ते आता चार महिन्यांचं.

पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. आईला भेटायला महिन्यातून दोनदा जाऊन यायचं म्हटलं तर ९२० झाले. उरलेल्या ८० मध्ये हडपसर ते हिंजवडी नोकरी करायची. दुसऱ्या दिवशी घरी येताना गाडी वाकडच्या आसपास उभी करून पुढे पीएमपीने यावं, असं आपलं म्हणणं असावं.

गाडी विकत घेतली असती तर? शोरूमवाल्याने अवाच्या सवा किंमत लावली असती, पण वर्षभराने घरी येऊन टाकीवर हात ठेवून "आता कमी फिरा" म्हणाला नसता. सबस्क्रिप्शनची मजा अशी की डाउन पेमेंट नाही, विकायची कटकट नाही, आणि गाडीही आपली नाही. माझ्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी ती स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली. सोसायटीच्या वॉचमनने पहिल्या आठवड्यात तिला दोनदा बाहेर अडवलं. काही कंपन्या पांढऱ्या पाटीची देतात, दिसायला घरची. पण पाटी कुठलीही असो, पान २३ सगळ्यांना सारखंच.

गल्लीत ज्याची बॅट त्याचे नियम, हे मला मान्य आहे. फरक इतकाच की गल्लीत मी आउट झालो की घरी जाऊ शकत होतो. आपण घरी जायचे चार महिन्यांचे पैसे मागता. माझी सगळी तक्रार या जोडीबद्दल आहे. इंधन, पगार, सुटे भाग महाग होतात, सरकार कर बदलतं. भाडं वाढवावं लागतं, एवढं मला समजतं. वाढवा, महिनाभर आधी सांगा, आणि नको असेल त्याला अनामतीसकट सोडा. पण वाढवायचंही आपणच आणि दारही आपणच धरून ठेवायचं, याला आपल्याकडे 'लवचिकता' म्हणतात असं मेलवरून दिसतं.

आपल्या खानदानाची चौकशी केली. आपल्याकडचा करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ६२ मध्ये जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा किंवा त्यात फेरफार करायचा तर दोन्ही पक्षांनी तसं ठरवावं लागतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांना मोबाइल अ‍ॅप ठाऊक नव्हतं, म्हणून ते असं काहीतरी लिहून बसले. कलम ७४ तर आणखी जुनाट विचारांचं: करारात दंडाचा आकडा छापला म्हणून तो सगळा मिळत नाही, वाजवी तेवढीच भरपाई मिळते, छापील आकडा ही फक्त कमाल मर्यादा.

मग २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यातलं कलम २(४६) आपण वाचलंत का? वाचा, आपल्यावरच आहे. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणाऱ्या अटींचा करार म्हणजे 'अन्याय्य करार', असं म्हणून सहा नमुने दिले आहेत. भरमसाट अनामत आहे, नुकसानीच्या मानाने अवाढव्य दंड आहे, सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा आहे. एकतर्फी अट बदलण्याचं नाव त्यात थेट घेतलेलं नाही, हे कबूल. आपले वकील यावरच उभे राहतील. पण सहावा नमुना म्हणजे ग्राहकाला तोट्यात ढकलणारा कुठलाही अवाजवी आकार, बंधन वा अट. एवढ्या मोठ्या दारातून आपण सहज आत जाल. दंडाचा नमुना तर चार महिन्यांच्या भाड्याची वाटच पाहत बसला आहे.

गंमत पुढे आहे. अन्याय्य अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य ग्राहक आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला, जिल्हा आयोगाला नाही. वर्षाला काही हजारांचा फटका बसलेल्या माणसाने आपल्याला मारायला थेट राज्य आयोग गाठावा! आपल्या आयुष्याची दोरी बळकट आहे ती अशी. जिल्हा आयोगात मात्र सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून जाता येतं, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये पायोनियर अर्बन लँडच्या खटल्यात फ्लॅटच्या करारातल्या एकतर्फी अटींना अनुचित व्यापारी प्रथाच म्हटलं आहे. तिथे हप्ता चुकला तर ग्राहकाने १८ टक्के व्याज द्यायचं आणि बिल्डरने पैसे परत करायचे ते ९ टक्क्यांनी. आपल्या चुलतभावाचं काम. ठिपक्याठिपक्यांच्या ओळीवर सही आहे, एवढ्याने ग्राहक बांधला जात नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

निकाल तीन महिन्यांत द्यावा, असंही कायदा म्हणतो. कागदावर. कागदावर माझी गाडीही १,५०० किलोमीटर जाते.

मधल्या काळात आपण अ‍ॅपवरही एक खिडकी उघडलीत. 'स्वीकारतो' हे हिरवं, ठसठशीत. 'नंतर' हे राखाडी, मुंगीएवढं. ते दाबलं की दुसऱ्या दिवशी खिडकी परत हजर, आणि ती उघडी असेपर्यंत सर्व्हिसिंगची वेळ घेता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ फसव्या चालींची यादी आहे. त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा आहे, जबरदस्तीची कृती आहे, सतत भुणभुणही आहे. यादी करणाऱ्यांनी आपलंच अ‍ॅप समोर ठेवलं होतं की काय!

आपले शेजारी कलम १९.२ यांनाही नमस्कार सांगा. वाद झाल्यास लवाद गुरुग्रामला, लवाद नेमणार कंपनी, असं त्यांचं म्हणणं. पण लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात पक्कं केलं. आणि नव्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार लावता येते. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत पुण्यातच सुरू केली. इथल्या माणसाला तक्रारीसाठी गुरुग्रामला बोलावणं म्हणजे जरा अतीच.

मी रागाच्या भरात बँकेतून हप्ताच बंद करीन, अशी आपल्याला आशा असेल. तसं करणार नाही. खात्यात पैसे नाहीत म्हणून ऑनलाइन हप्ता परत गेला, तर २००७ च्या पेमेंट कायद्याखाली धनादेश न वटल्यासारखाच फौजदारी ससेमिरा लागू शकतो. तेव्हा जास्तीचे पैसे 'हरकत राखून' असं लेखी कळवून भरतो आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली आहे. त्यांनीही आपल्याला मेल पाठवला. त्याला रियानेच उत्तर दिलं: 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.'

मागणी छोटी आहे. उरलेल्या मुदतीला जुन्याच अटी, किंवा दंड न कापता गाडी परत आणि अनामत परत. पंधरा दिवसांत कळवावं. नंतरचा पत्रव्यवहार आयोगामार्फत होईल.

आपला,
(यापुढे ज्याचा उल्लेख 'ग्राहक' असा केला जाईल तो)

सोबत: सहीच्या दिवशी उतरवून घेतलेल्या करारनाम्याची प्रत. अ‍ॅपवर आता फक्त नवा करार दिसतो आणि त्याच्यावर तारीख जुनीच आहे. याचा खुलासाही त्याच पंधरा दिवसांत करावा.