मास्तरांच्या किटलीत माडी

वहिनी, जरा गडग्याकडे या ना. कपडे घालाल मागाहून वाळत, आधी गंमत ऐका.

परवा सकाळी आपले मास्तर दुधाची किटली घेऊन डेअरीच्या उलट दिशेला निघालेले पाहिलेत ना? सरळ माडीवाल्याकडे गेले! दुपारपर्यंत आळीभर झालं, मास्तरांनी या वयात ताळ सोडला म्हणून. मी म्हटलं, अगं बायांनो, मास्तरांच्या घरी माईंना विचारा तरी. तर त्या माडीचा घोट कुणाच्या घशाखाली गेलाच नाही, सगळी गेली पिठात. माईंना घरी पाव करायचा होता आणि दुकानात यीस्ट नव्हतं.

हसू नका. माझं माहेर डिचोलीचं, मला ठाऊक आहे. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी सुरेनेच, म्हणजे माडीनेच, पीठ फुगवायचे. तांदळाची सान्नां तर काही घरांत अजून तशीच करतात. पुडीतलं यीस्ट आलं ते नंतर. माडावरून उतरलेली माडी बघता बघता फसफसायला लागते, म्हणजे यीस्ट तिच्यात आयतंच. मात्र ताजी हवी. ठेवून दिली की आंबट ढाण होते.

पण माईंचा हात पडला आंबोळीचा. पीठ सैल भिजवलं, झाकलं नि बसल्या वाट बघत. फुगलं, आणि तितक्याच झोकात खाली बसलं. तांदूळ-उडदाचं चालतं हो तसं. गव्हाचं पीठ मळल्याशिवाय ताण धरत नाही, आणि ताण नाही तर हवा राहणार कशात? मग मैदा वाढवून 20 मिनिटं रगडलं. छोटा गोळा ताणून बघायचा, पापुद्र्याएवढा पातळ होऊनही फाटला नाही की झालं. नुसत्या कणकेच्या फंदात पडू नका. कोंडा तो पापुद्रा कापत जातो आणि पाव होतो दगड. निम्मा मैदा हवाच.

ओव्हन कुठला आलाय माईंकडे! जुना कुकर काढला. शिट्टी नाही, रिंग नाही, पाणी थेंबभर नाही. तळाला 2 वाट्या जाडं मीठ, वर तिवई, तिवईवर डबा. तरी पाव खालून भाजतो नि वरून पांढराफटक राहतो. इथे बाईचं डोकं बघा. काकडीचं धोंडस करताना आपल्या आज्या झाकणावर निखारे ठेवायच्या ना? माईंनी भाकरीचा बिडाचा तवा सणसणीत तापवला आणि शेवटी डब्यावर पालथा घातला. काय तांबूस रंग आला म्हणून सांगू!

घोळ घातला तो मास्तरांनी. निवेपर्यंत दम धरवेना, वाफ येत असतानाच सुरी लावली. आत लगदा! वर म्हणतात, कच्चाच राहिला. माईंनी डोळे वटारले आणि उरलेला उचलून फडताळात ठेवला. त्यातलाच संध्याकाळी मला मिळाला. बेकरीच्या पावापेक्षा जड आहे, खोटं कशाला बोलू, आणि कडेला जरा करपलाही होता. पण काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात बुडवून खाल्ला, नि दुसरा तुकडा मागायला मला लाज वाटली नाही.

उद्या मी करणार आहे. माडी आणायला मास्तरांनाच सांगितलंय. आमच्या ह्यांना पाठवलं तर किटली रिकामीच परत यायची.