भुशाची धरपकड

केनवडात धुळीची तक्रार करणारा माणूस परगावचा समजावा. रिसोड तालुक्यातलं आमचं गाव सोयाबीनचं. दसऱ्याच्या आगेमागे वावरावावरांत हडंबे, म्हणजे मळणीयंत्रं, लागले की कुटाराचे लोट उठतात, आणि त्यांत उभं राहूनच लोक भावाची चर्चा करतात. अशा गावात मी निवृत्तीनंतर घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये टेबल सॉ बसवला, तर त्याच्या भुशाने कुणाचं काय बिघडणार? गावाचं काहीच बिघडलं नाही. चैत्रात घरचं वाळवण अंगणात पडलं आणि आमच्या सौंनी एक पापड उन्हाकडे धरून पाहिला.

"काहो, पापड तर म्या मुगाचे लाटले होते. हे सागाचे कोनं केले?"

यात सॉचा दोष नाही. 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेतं, तेव्हा त्याचा दात ताशी 190 किलोमीटरच्या आसपास धावत असतो. आमच्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारीला 120 ची मर्यादा आहे. भुशाला पावती फाडणारा कुणी नाही. इंचभर जाडीची आठ फुटी फळी उभी चिरली, तर 3 मिलिमीटरच्या चिरेतून निघालेलं लाकूड फुगून अर्धा लिटरचं माप भरतं. त्यातला बराचसा भुसा खालच्या पेटीत पडतो. उरलेला दातांत बसून वर येतो आणि थेट माझ्या चष्म्यावर उतरतो.

पण डोळ्यांना दिसतो तो भुसा गरीब म्हणायचा. खरा डांबिस तो न दिसणारा. तो तासन्‌तास हवेत तरंगतो आणि श्वासाबरोबर आत जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलं, ते मुख्यतः नाकाच्या कर्करोगामुळे. मी गुपचूप चांगला मास्क आणला आणि ही माहिती घरात फुटू दिली नाही. फुटली असती तर भुशाआधी सॉ बाहेर गेला असता.

विदर्भात कुठल्याही अडचणीवर पहिला उतारा म्हणजे कुलरचा पंखा. शेडमध्ये डोकावणारा प्रत्येक जण तोच सुचवून गेला. शेवटी एका हडंबेवाल्याने निकाल दिला. "सर, पंखा वारा घालते. वढाचं काम ब्लोअरचं." इंजिनिअरिंगच्या पुस्तकाला याच गोष्टीसाठी आलेखासकट दोन पानं लागतात. कुलरचा पंखा मोकळी हवा भरपूर ढकलतो, पण त्याच्यापुढे लांब पाईप आला की त्याचा दम सुटतो. पाईपातून हवा ओढायची तर बंद कवचात फिरणारा ब्लोअरच पाहिजे. तो आणला, एक अश्वशक्तीचा. सॉ आणि ब्लोअर एकदम सुरू केले की घरातले दिवे मिणमिणतात आणि मालिकेतली सासू ऐन बोलण्यात अंधुक होते. म्हणून मी ब्लोअर आधी लावतो, सॉ मागून.

मग भोकांवरून वाद पेटला. आमचे वाढईकाका म्हणाले, "सगळे भोकं बुजवा." हडंबेवाला म्हणाला, "बुजवले तर वारा कुठून येईन?" गंमत म्हणजे दोघांचंही खरं होतं. सॉची पेटी म्हणजे सगळीकडून उघडी खिंडारं. ब्लोअरला जवळचं खिंडार सापडलं की तो तिथलीच फुकटची हवा पितो आणि पात्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण पेटी पार बंद केली तर हवा हलतच नाही आणि भुसा जिथल्या तिथे बसतो. तेव्हा पात्यापासून लांबची खिंडारं बुजवायची आणि पात्याजवळून वारा आत येऊ द्यायचा, असा तह झाला. मागची बाजू प्लायने बंद केली. पातं वरखाली करायचं चाक ज्या खाचेत सरकतं, तिच्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे ओठासारखे समोरासमोर लावले. चाक सरकलं की ते त्याच्यापुरते उघडतात, मागे मिटतात. साऱ्या खटाटोपात मला त्या ओठांचाच जास्त अभिमान आहे. पाहुणा आला की चहाच्या आधी ते दाखवतो.

सॉ आणि ब्लोअरच्या मध्ये घरातला पाण्याचा निळा ड्रम बसवला. भुशाची हवा त्यात कडेने सोडली की ती गरगर फिरते, जड भुसा भिंतीला घासत तळाशी पडतो आणि हलकी हवा मधून वर निघून जाते. या युक्तीचं पेटंट 1885 सालचं. जेम्स डायसन यांनी ती एका लाकूड गिरणीत पाहिली आणि तिचा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर जमेपर्यंत 5127 नमुने केले. एवढे ड्रम आमच्या घरात नाहीत. होता तो एक गेला, त्याचंच अजून ऐकतो आहे.

राहिला पाईप. 110 मिलिमीटरऐवजी 75 चा लावला तर तोंड निम्म्याहून लहान होतं आणि वाटेत भुसा तुंबतो. शेजाऱ्यांच्या वावरात पाईपलाईन झाली तेव्हा 110 चे पाईप उरले होते. "न्या सर, पडूनच राह्यले. लागन तवा घेऊन जाईन," ते म्हणाले. अशी सगळी जोडणी झाली, पेटीतला भुसा ड्रममध्ये पडू लागला, शेडमध्ये नाकाने श्वास घेता येऊ लागला, आणि घरच्या देव्हाऱ्याची लाकडं मी चिरायला घेतली.

पुढे रब्बीत हरभऱ्याला पाणी चालू असताना शेजाऱ्यांची लाईन फुटली. ते आले, स्वतःच क्लॅम्प सोडला, पाईप खांद्यावर घेण्याआधी अंगणात आपटून रिकामा केला. भुसा तुळशीवर पडला. सौ बाहेर आल्या. मी देव्हाऱ्याची फळी हातात धरून उभा.

"भाऊजी," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "बाकीचे पाईप बी घेऊन जा ना. आनून द्याची काही घाई नाही."